आधाराची नळी काढून टाकताना: सुभाष सिंघल आणि वेस्टिंगहाऊसचा नळीचा सेल

१९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाऊस कंपनीत जे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल (तापलेल्या सिरॅमिकच्या थरांतून, इंधन न जाळता थेट वीज करणारे सेल) तयार होत होते, त्यांच्या पोटात एक बिनकामाचा वाटावा असा भाग होता. कॅल्शिया (कॅल्शियमचा ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियाची (झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) सच्छिद्र नळी. ती वीज तयार करत नव्हती, इलेक्ट्रॉन वाहून नेत नव्हती, ऑक्सिजनचे आयनही नाही. बाकीचे पातळ थर अंगावर घेऊन उभे राहायचे, एवढेच तिचे काम. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती आधी बारीक झाली आणि मग नाहीशी झाली. या एका बदलाने सेलची ताकद कितीतरी वाढली, टिकाऊपणा सिद्ध झाला आणि त्याच बदलाने या रचनेच्या खर्चाची खालची पातळीही ठरवून टाकली.

ज्या काळात हे घडले त्या काळात या कामाचे नेतृत्व सुभाष सिंघल यांच्याकडे होते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९७१ मध्ये वेस्टिंगहाऊसमध्ये आले. पहिली बरीच वर्षे वाफेच्या आणि गॅस टर्बाइनचे पदार्थ आणि कोळशाचे वायुकरण या विषयांत गेली. १९८४ ते २००० ते फ्युएल सेल तंत्रज्ञानाचे व्यवस्थापक होते. सुरुवातीला काही वॅटचा प्रयोगशाळेतला नमुना होता, शेवटी २०० किलोवॅटच्या घरातली यंत्रणा. टर्बाइनच्या पात्यांकडून फ्युएल सेलकडे येणे ही वाट बदलल्यासारखी दिसते, पण तशी ती नाही. पात्यावरचा ऑक्साइडचा थर हजार अंशांना दहा हजार तासांत किती वाढेल, कुठे तडकेल, खालच्या धातूशी काय करेल, हेच प्रश्न इथेही विचारायचे असतात. फरक एवढाच की तिथे ऑक्साइडची वाढ रोखायची असते आणि इथे, पुढे दिसेल तसे, ती मुद्दाम घडवायची असते.

नळीच का

झिर्कोनियात सुमारे ८ टक्के इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड) मिसळला की ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि त्या जागांवरून ऑक्सिजनचे आयन उड्या मारत जातात. १००० अंश सेल्सिअसला या पदार्थाची वाहकता सेंटिमीटरला साधारण ०.१ सीमेन्स. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंधन ठेवले की ऑक्सिजनच्या दाबातला फरक एक व्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतो. तत्त्व जुने आहे. नर्न्स्टने झिर्कोनिया-इट्रियाची कांडी १८९९ मध्ये दिव्यासाठी वापरली होती आणि बाउर-प्राइस यांनी १९३७ मध्ये त्याच पदार्थाचा सेल चालवला.

अडचण तत्त्वात नव्हती, कडांमध्ये होती. सपाट पत्र्यासारखे सेल एकावर एक रचले तर प्रत्येकाच्या चारही कडांना हवा आणि हायड्रोजन एकमेकांपासून अडवून धरणारे सील लागते. हजार अंशांना रबर नाही, धातूची गॅस्केट नाही. उरते काच, आणि त्या काळची काच या कामाला पुरी पडत नव्हती. एका टोकाला बंद असलेली नळी घेतली की हा प्रश्नच उद्भवत नाही. हवा आत, इंधन बाहेर. नळीच्या आत ॲल्युमिनाची दुसरी बारीक नळी सोडायची, हवा तिच्यातून बंद टोकापर्यंत जाते, तिथे वळते आणि सेलच्या आतल्या भिंतीला घासत उघड्या टोकाकडे परत येते. उघड्या टोकाशी सील नाहीच. तिथे सच्छिद्र सिरॅमिकची पाटी असते आणि तिच्यातून वापरून झालेले इंधन हळूहळू गळू दिले जाते. ८५ टक्के इंधन सेलमध्ये खर्च झालेले असते. उरलेले १५ टक्के उघड्या टोकाशी उरलेल्या हवेत जळते आणि आत येणारी ताजी हवा तापवते. गळती थांबवता येत नाही, तर तिला कामाला लावायचे. या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच, असे माझे मत आहे.

वाफेतून उगवलेला थर

सच्छिद्र नळीवर ४० मायक्रॉनचा, एकही छिद्र नसलेला झिर्कोनियाचा थर कसा द्यायचा? लेप देऊन भाजला तर तो आक्रसतो, खालची आधीच भाजलेली नळी आक्रसत नाही, आणि लेपाला भेगा पडतात. वेस्टिंगहाऊसमध्ये आर्नोल्ड आयझेनबर्ग यांनी विकसित केलेल्या विद्युत-रासायनिक बाष्प निक्षेपणाने हा पेच सोडवला. सिंघल यांच्या गटाला हे हत्यार वारशाने मिळाले होते.

पद्धत दोन टप्प्यांची आहे. सुमारे १२०० अंशांना, कमी दाबाच्या कक्षात नळीच्या बाहेरून झिर्कोनियम आणि इट्रियमच्या क्लोराइडची वाफ सोडायची, आतून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन. दोन्ही छिद्रांत भेटतात, ऑक्साइड तयार होतो, हायड्रोजन क्लोराइड निघून जातो, छिद्रे बुजत जातात. बुजली की दोन वायूंची थेट भेट संपली. एरवी प्रक्रिया इथे थांबली असती. पण तयार झालेला थर स्वतःच ऑक्सिजनच्या आयनांचा वाहक आहे. आतल्या बाजूचा ऑक्सिजन आयन होऊन थरातून बाहेर येतो, बाहेरच्या क्लोराइडला भेटतो आणि थर वाढतो. जिथे थर पातळ तिथे आयन लवकर पोचतात, म्हणून तिथे वाढ जलद. जाड जागी सावकाश. थर आपोआप सारखा होतो. धातूवर गंज चढतो त्याचेच हे गणित आहे, वाढीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात.

थर उत्तम यायचा. खर्चही तसाच. निर्वात कक्ष, क्लोराइडची वाफ, निघणारे आम्ल, एका खेपेत मोजक्याच नळ्या. सुरुवातीला इलेक्ट्रोलाइट (आयन वाहणारा हाच झिर्कोनियाचा थर), इंटरकनेक्ट (एका सेलला पुढच्याशी जोडणारी वाहक पट्टी) आणि ॲनोडमधला (इंधनाकडच्या थरातला) झिर्कोनिया हे तिन्ही थर याच पद्धतीने दिले जात. पुढे इंटरकनेक्ट प्लाझ्मा फवारणीवर गेला, ॲनोड निकेल-झिर्कोनियाच्या साध्या लेपावर आणि भाजणीवर. इलेक्ट्रोलाइटपुरती मात्र ही महागडी खेप बराच काळ राहिली.

आधाराची नळी अडसर का झाली

जुन्या रचनेत आतून बाहेर क्रम असा होता: झिर्कोनियाची आधारनळी, तिच्यावर लॅन्थॅनम मँगॅनाइटचा साधारण १.४ मिमी कॅथोड (हवेकडचा, ऑक्सिजनचे आयन करणारा थर), मग इलेक्ट्रोलाइट, मग ॲनोड. हवा सगळ्यात आत. म्हणजे ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू आधी आधारनळीच्या छिद्रांतून, मग कॅथोडच्या छिद्रांतून वाट काढत इलेक्ट्रोलाइटपर्यंत पोचणार. वाटेत नायट्रोजन जागचा हलत नाही, त्याच्या गर्दीतून ऑक्सिजनने पुढे सरकायचे. प्रवाह वाढवला की इलेक्ट्रोलाइटजवळ ऑक्सिजन विरळ होतो आणि व्होल्टेज घसरते. नळीच्या उघड्या टोकाकडे हवेतला ऑक्सिजन आधीच खर्ची पडलेला असतो, तिथे ही घसरण जास्त. नळी लांब करायची म्हटली की हे दुखणे आणखी वाढते.

पहिला उपाय साधा होता. आधारनळीची भिंत २ मिमीवरून १.२ मिमीवर आणली. फायदा लगेच दिसला, पण हा रस्ता फार पुढे जात नाही. त्याहून पातळ नळी हाताळताना तुटते, आणि लांबी वाढवायची असेल तर भिंत जाड हवी, पातळ नव्हे.

मग दुसरा उपाय: आधारनळी काढायची आणि भार कॅथोडने घ्यायचा. कॅथोडच जाड करायचा, २.२ मिमी. आकडे शेजारी ठेवून पाहा. पातळ आधारनळीच्या रचनेत ऑक्सिजनला १.२ अधिक १.४, म्हणजे २.६ मिमी भिंत ओलांडावी लागे. नव्या रचनेत २.२. फार मोठी बचत नाही. खरा फायदा दुसरीकडे होता. जुन्या २.६ मिमीपैकी १.४ मिमीच वीज वाहत होते, नव्या २.२ मिमीतला प्रत्येक मायक्रॉन वाहतो. आणि नळीच्या सेलमध्ये इलेक्ट्रॉन भिंतीला आडवे जात नाहीत, भिंतीच्या परिघाने फिरून इंटरकनेक्टच्या पट्टीपर्यंत जातात. कॅथोड जाड झाला की तो रस्ता रुंद होतो. फक्त या एका बदलाने कॅथोडमधला रोध १.४ भागिले २.२, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांशावर येतो.

भार घेणाऱ्या कॅथोडकडून काय काय हवे

आता एकाच पदार्थाला बरीच कामे आली. ३० ते ३५ टक्के छिद्रे हवीत, तरी दीड मीटरची नळी स्वतःच्या वजनाने वाकू नये. हजार अंशांना वर्षानुवर्षे ओघळू नये. १२०० अंशांच्या निक्षेपणात झिर्कोनियाशी प्रक्रिया करू नये. आणि प्रसरण झिर्कोनियाशी जुळावे.

शेवटची अट आधी पाहू, कारण लांबीमुळे ती कठोर होते. झिर्कोनियाचा प्रसरणांक अंशाला दशलक्षात साधारण १०.५. खोलीच्या तापमानापासून हजार अंशांपर्यंत दीड मीटरची नळी सुमारे १५ मिमी वाढते. कॅथोडचा अंक दशलक्षात फक्त एकाने वेगळा असला तरी मोकळे सोडल्यास दोघांच्या लांबीत दीड मिमीचा फरक पडेल. मोकळे सोडता येत नाही, दोघे एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणून तो फरक ताण होऊन थरात बसतो. ४० मायक्रॉनच्या इलेक्ट्रोलाइटवर दाबाचा ताण चालतो, ओढीचा नाही. लॅन्थॅनमच्या जागी किती स्ट्रॉन्शियम किंवा कॅल्शियम घालायचे, हे वाहकतेपेक्षा या हिशेबाने ठरते. डोपिंग वाढवले की वाहकता वाढते, पण प्रसरणही वाढते.

प्रक्रियेचा प्रश्न त्याहून चिवट. लॅन्थॅनम मँगॅनाइट आणि झिर्कोनिया १२०० अंशांच्या वर एकत्र राहिले की त्यांच्या सीमेवर लॅन्थॅनम झिर्कोनेट तयार होऊ शकते. स्ट्रॉन्शियम जास्त असेल तर स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट. दोन्ही आयनांना जवळजवळ अडवतात. काही दशांश मायक्रॉनचा सलग थरसुद्धा सेलची कामगिरी खाली खेचतो. उपाय असा की मँगॅनाइटमध्ये लॅन्थॅनमच्या जागा थोड्या रिकाम्या ठेवायच्या. सूत्रातली लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियमची बेरीज एकाऐवजी ०.९५ ते ०.९८ धरायची. मग लॅन्थॅनमला बाहेर पडून झिर्कोनियाला भेटण्याची ओढ उरत नाही. फार रिकाम्या ठेवल्या तर मँगॅनीजचा ऑक्साइड वेगळा पडतो, मँगॅनीज झिर्कोनियात शिरते आणि छिद्रे मिटायला लागतात. खिडकी अरुंद आहे.

तराजूपाशीच चूक होते ती अशी

ही अरुंद खिडकी कुठल्याही प्रयोगशाळेत सर्वांत आधी तराजूवर हुकते, म्हणून थोडे तपशिलात. १०० ग्रॅम लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगॅनाइट करायचा आहे, प्रमाण ०.८ : ०.२ : १. घन अवस्थेतल्या साध्या पद्धतीने लागतील: लॅन्थॅनम ऑक्साइड ५६.२७ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट १२.७५ ग्रॅम, मँगॅनीज सेस्क्विऑक्साइड ३४.०८ ग्रॅम.

लॅन्थॅनम ऑक्साइडची बाटली उघडी राहिली की ते हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड खाते. पूर्ण हायड्रॉक्साइड झाले तर वजन १६ टक्क्यांहून अधिक वाढते. जुलैत मुंबईतल्या किंवा रत्नागिरीतल्या प्रयोगशाळेत काही दिवसांत ३ टक्के वजन वाढणे अजिबात अवघड नाही. तेवढे धरले तर ५६.२७ ग्रॅममध्ये खरे ऑक्साइड ५४.६ ग्रॅमच, आणि सूत्रातली बेरीज १ ऐवजी ०.९७६. गंमत म्हणजे ही चूक बहुधा निभावते, कारण ती रिकाम्या जागांच्या बाजूची आहे. उलटी चूक महागात पडते. कोणीतरी मागच्या खेपेचा अनुभव म्हणून ओलाव्यापोटी चार टक्के जास्त घालायचे ठरवतो, आणि नेमकी त्या दिवशी बाटली नुकतीच भट्टीतून काढलेली असते. आता लॅन्थॅनम जादा. भाजलेली नळी दिसायला छान, वाजवली तर खणखणीत. पण जादा लॅन्थॅनम ऑक्साइडचे बारीक कण आत शिल्लक आहेत, ते हवेतला ओलावा घेऊन हायड्रॉक्साइड होतात, फुगतात, आणि कपाटात ठेवलेल्या नळीला काही आठवड्यांत आपोआप भेगा पडून तिचा चुरा होऊ लागतो. भट्टीला दोष दिला जातो. भट्टीचा दोष नसतो.

करायचे ते असे: वजन करण्यापूर्वी लॅन्थॅनम ऑक्साइड १००० अंशांना दोन-तीन तास भाजायचे, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये न्यायचे, कोमट झाल्याबरोबर वजन करायचे. त्याच बाटलीतला एक ग्रॅम वेगळा घेऊन भाजण्याआधी आणि नंतरचे वजन टिपायचे, म्हणजे बाटलीची तब्येत कळते. तयार पूड एक्स-रे विवर्तनाला दिली तरी एक-दोन टक्के जादा लॅन्थॅनम ऑक्साइड सहज नजरेतून सुटते. त्यापेक्षा एक वडी पाण्याच्या वाफेवर दोन दिवस ठेवून पाहणे हा साधा आणि जास्त बोलका तपास आहे.

पुढे नळी घडवणे म्हणजे मोठ्या सोऱ्यातून चकली पाडणेच. पूड, पाणी, मिथाइल सेल्युलोजसारखा चिकट पदार्थ आणि थोडे वंगण यांचे पीठ मळून दाबाने नळी बाहेर काढायची, एक टोक त्याच पिठाच्या बुचाने बंद करायचे. बुचाचा आणि भिंतीचा ओलावा सारखा नसेल तर सांध्यावर बारीक भेग पडते, ती भाजल्यावरच दिसते. वाळताना नळी एका अंगाने लवकर सुकली तर केळीसारखी वाकते. मग भाजणी. तापमान जास्त झाले तर छिद्रे मिटतात, कमी पडले तर ताकद येत नाही. दीड मीटरच्या नळीत वरच्या आणि खालच्या टोकांना भट्टीतला १०-१५ अंशांचा फरकही छिद्रांच्या प्रमाणात उतरतो. वाकडी नळी इलेक्ट्रोलाइटला चालेल, पण पुढे शेजारच्या नळीशी तिचा निकेलचा सांधा बसणार नाही.

लॅन्थॅनम मँगॅनाइटची आणखी एक खोड आहे, तिच्यावर फार बोलले जात नाही. सच्छिद्र मँगॅनाइट हवेत ६०० ते ११०० अंशांच्या दरम्यान खालीवर तापवत-निववत राहिले की प्रत्येक फेरीत ते थोडेथोडे आक्रसते. एका तापमानाला तितकाच वेळ ठेवले तर इतके आक्रसत नाही. कारण तापमानाबरोबर त्यातला ऑक्सिजन कमीजास्त होतो आणि त्या देवाणघेवाणीत अणू सरकतात. पातळ कॅथोडला हे सोसते. जो कॅथोड स्वतःच नळी आहे त्याला नाही, म्हणून भार घेणाऱ्या कॅथोडचे रसायन ठरवताना ही चाचणी वगळता येत नाही.

नळीवर काय काय चढते

भाजलेल्या कॅथोडवर पहिला थर इंटरकनेक्टचा. सगळ्या लांबीभर सुमारे ११ मिमी रुंद, ८५ मायक्रॉन जाड लॅन्थॅनम क्रोमाइटची पट्टी, बाकीचा भाग झाकून प्लाझ्माने फवारलेली. क्रोमाइट हवेत भाजायला कुख्यात आहे. त्यातले क्रोमियम ऑक्साइड होऊन उडते, कणांच्या मानेशी पुन्हा बसते आणि घट्ट होण्याची क्रिया अडते. फवारणीने तो प्रश्न टळतो. मग पट्टी झाकून उरलेल्या परिघावर इलेक्ट्रोलाइट, त्यावर १०० ते १५० मायक्रॉनचा निकेल-झिर्कोनियाचा ॲनोड. ॲनोड आणि इंटरकनेक्ट यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइटची उघडी फट ठेवावी लागते. तिच्यावर निकेलचा लेप ओघळला की सेल तिथेच शॉर्ट.

२२ मिमी व्यासाच्या नळीचा परीघ ६९ मिमी. पट्टी आणि फटी वजा जाता कामाचा भाग ५५-५६ मिमी उरतो. दीड मीटर लांबीवर ८३४ चौरस सेंमी. अशी एक नळी १००० अंशांना २१० वॅटपर्यंत देते. २४ नळ्या, तीन ओळींत आठ-आठ, निकेलच्या नमद्याने जोडून एक जुडगा. नमदा इंधनाच्या बाजूला आहे म्हणून निकेल चालते, हवेच्या बाजूला ते गंजले असते. ही नोंद लक्षात ठेवावी: या रचनेत तापलेल्या सेलच्या हवेच्या बाजूला धातूच नाही.

१९८६ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीसाठी केलेल्या ०.४ किलोवॅटच्या संचात ३० सेंमीच्या २४ नळ्या होत्या. पुढच्याच वर्षी जपानमध्ये ३ किलोवॅटच्या संचात १४४. १९९७ च्या डिसेंबरात नेदरलँड्समध्ये वेस्टरफोर्ट इथे डच आणि डॅनिश वीज कंपन्यांसाठी जो संच सुरू झाला त्यात दीड मीटर कामाच्या लांबीच्या, आधारनळी नसलेल्या १,१५२ नळ्या होत्या, ४८ जुडगे. ग्रिडला १०९ किलोवॅट, त्याशिवाय परिसराच्या उष्णजल व्यवस्थेला ६४ किलोवॅट उष्णता, विजेची कार्यक्षमता ४६ टक्के. इंधन नैसर्गिक वायू, गंधक काढलेला. तिथे तो १६,००० तासांहून अधिक चालला आणि कामगिरीत लक्षात येईल अशी घट झाली नाही. प्रयोगशाळेतल्या एकेकट्या नळ्यांनी ६९,००० तास पाहिले, हजार तासांना ०.१ टक्क्याच्या आसपास घसरण. शंभराहून अधिक वेळा थंड करून पुन्हा तापवूनही त्या टिकल्या.

बिल

वेस्टरफोर्टचा हिशेब उलटा मांडला की दुसरी बाजू दिसते. डायरेक्ट करंटची १२५ किलोवॅट वीज भागिले १,१५२ नळ्या: नळीला १०८ वॅट. २१० का नाही? कारण कार्यक्षमता हवी असेल तर व्होल्टेज उंच ठेवून प्रवाह कमी घ्यावा लागतो. आता एका नळीत माल किती? सरासरी व्यास १९.८ मिमी, भिंत २.२ मिमी, लांबी साधारण १६० सेंमी धरली तर २२० घन सेंमीच्या आसपास. एकतृतीयांश छिद्रे सोडून मँगॅनाइट जवळपास एक किलो. म्हणजे एका किलोवॅटला नऊ-दहा किलो लॅन्थॅनम मँगॅनाइट, आणि हा पदार्थ भार पेलतो म्हणून तो पातळ करता येत नाही.

प्रवाहाचा रस्ताही तोच राहिला. निम्मा परीघ, सुमारे २.८ सेंमी. प्रवाह वाटेत गोळा होत जातो म्हणून रोधाचे गणित लांबीचा वर्ग भागिले तीन, वाहकता आणि जाडी यांचा गुणाकार. सच्छिद्र कॅथोडची वाहकता सेंटिमीटरला ५० सीमेन्स धरली तर उत्तर येते चौरस सेंमीला सुमारे ०.२४ ओहम. ४० मायक्रॉनच्या इलेक्ट्रोलाइटचा रोध त्याच हिशेबाने ०.०४. चौरस सेंमीला ०.३ अँपियरच्या प्रवाहाला कॅथोडमध्ये ७२ मिलिव्होल्ट जातात, इलेक्ट्रोलाइटमध्ये १२. इलेक्ट्रोलाइट आणखी पातळ करून इथे काही हाती लागत नाही, आणि तरी त्याच थरासाठी सगळ्यात महाग यंत्र चालू होते. म्हणूनच नळी हजार अंशांना चालवावी लागते तीही इलेक्ट्रोलाइटच्या सोयीसाठी कमी, कॅथोडच्या लांब वाटेच्या आणि त्याच्या मंद रासायनिक चालीच्या सोयीसाठी जास्त.

यावर गोल नळी चपटी करून आत मँगॅनाइटच्याच उभ्या भिंती घालण्याची रचना निघाली. भिंती प्रवाहाला आडवाट देतात, परिघाची फेरी वाचते, चौरस सेंमीमागे शक्ती वाढते. पण चपटी, भिंतींची, लांब नळी सरळ भाजणे गोल नळीहून फार अवघड. १९९८ मध्ये वेस्टिंगहाऊसचा हा व्यवसाय सीमेन्स कंपनीकडे गेला. पुढे दाबाखाली चालणारा, सूक्ष्म टर्बाइन जोडलेला २२० किलोवॅटचा संच कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात बसला, ५३ टक्के कार्यक्षमतेपर्यंत गेला. तंत्र चालते हे दाखवायला आता काही उरले नव्हते. किलोवॅटमागचा खर्च उरला होता.

दुसरा अर्धा: जे टाळले होते ते परत

एप्रिल २००० मध्ये सिंघल पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत आले, फ्युएल सेल विभागाचे संचालक म्हणून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सुरू केलेल्या सेका (सॉलिड स्टेट एनर्जी कन्व्हर्जन अलायन्स) या स्वस्त फ्युएल सेलच्या कार्यक्रमाचे लक्ष्य किलोवॅटला ४०० डॉलर होते. त्या आकड्यात दीड मीटरची मँगॅनाइटची नळी बसत नाही. उत्तर सपाट सेलकडे जाते: आधार निकेल-झिर्कोनियाच्या ॲनोडचा, इलेक्ट्रोलाइट १० मायक्रॉनच्या आसपास, तापमान ७०० ते ८०० अंश, आणि तापमान उतरले म्हणून इंटरकनेक्ट क्रोमाइटऐवजी फेरिटिक पोलादाचा. प्रवाह थराला आडवा, मिलिमीटरभर जातो, २.८ सेंमीची फेरी नाही.

म्हणजे नळीने जे दोन प्रश्न मुळातच टाळले होते, ते दोन्ही हजर. हवेच्या बाजूला धातू आला आणि चारही कडांना सील आले.

पोलादात २२ टक्के क्रोमियम असते, त्याच्यावर क्रोमियाचा थर चढतो, तोच पोलादाला वाचवतो. पण ओलसर गरम हवेत क्रोमिया ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या वाफेच्या रूपाने उडतो, आणि कॅथोड-इलेक्ट्रोलाइट जिथे भेटतात तिथे पुन्हा घन होऊन बसतो. नेमक्या त्याच जागी ऑक्सिजन आयन व्हायला येत असतो. या प्रयोगशाळेतून पुढे आलेला उपाय मँगॅनीज-कोबाल्ट स्पिनेलच्या (दोन धातूंच्या मिश्र ऑक्साइडच्या) लेपाचा. दोन्ही धातू समसमान, ८०० अंशांना वाहकता सेंटिमीटरला ६० सीमेन्सच्या घरात, प्रसरण दशलक्षात ११.५, पोलादाच्या जवळ. लेप फवारून थेट हवेत भाजला तर तो भुसभुशीत राहतो आणि खाली क्रोमिया जाड होतो. म्हणून आधी हायड्रोजनमिश्रित वायूत साधारण ८०० ते ८५० अंशांना नेऊन ऑक्साइड फोडायचा, मग हवेत पुन्हा ऑक्साइड करायचा. दुसऱ्या टप्प्यातली फुगवण छिद्रे मिटवते आणि लेप घट्ट होतो.

सील अधिक हट्टी निघाले. बेरियम-कॅल्शियम-ॲल्युमिनोसिलिकेट काच वितळून कडेला बसते आणि मग स्फटिक होऊन घट्ट होते. स्फटिकीकरण लवकर झाले तर कड भिजण्याआधीच ती गोठते. उशिरा झाले तर भाराखाली ओघळते. आणि पोलादाच्या बाहेरच्या, हवेच्या कडेला काचेतले बेरियम क्रोमियमशी मिळून बेरियम क्रोमेट करते. त्याचे प्रसरण काचेहून फार जास्त, म्हणून थंड होताना सांधा नेमका तिथूनच सुटतो. आतल्या भागात ऑक्सिजन कमी, तिथे क्रोमेट होत नाही आणि सांधा शाबूत दिसतो. सुटलेल्या सीलचा छेद घेताना मधला भाग पाहून निष्कर्ष काढला तर कारण हातून निसटते. हवेकडची पहिली अर्धी मिलिमीटर कड पाहावी.

या कडांचा पाठपुरावा चालू होता त्याच काळात वेस्टरफोर्टचा संच थंड करून उचलला गेला, जर्मनीत एसेनला नेऊन पुन्हा तापवला, हजारो तास चालवला, आणि तिथून परत थंड करून इटलीत टुरिनला गेला.